सहा नट, तीन उड्या

स्वतःच्याच ट्रकचं चाक आपल्याला मागे टाकून पुढे निघून जाताना ज्याने पाहिलंय, त्याला रस्त्याबद्दल शहाणपण शिकवायला जाऊ नये. उडीमास्तरांनी ते पाहिलं होतं. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकवर नवेच लागले होते आणि मागे एक बिघडलेली मोटार टांगून उतारावरून शीळ घालत येत होते. एवढ्यात खिडकीतून एक चाक दिसलं. एकटंच, ऐटीत चाललेलं. 'कुणाचं बरं निसटलं बिचाऱ्याचं,' असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, थोडी हळहळही वाटून झाली, आणि मग त्यांच्याच ट्रकचा मागचा कोपरा धाडकन खाली बसला.

ते चाक पुढे चौकातल्या फर्निचरच्या दुकानात शिरलं आणि मांडून ठेवलेल्या डबल बेडवर आडवं झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुकानदाराने पाणी दिलं, बेडचा पाय तेवढा तपासून घेतला. पण उडीमास्तरांच्या तोंडाला जी कोरड पडली ती पुढे कित्येक महिने गेली नाही. आदल्या दिवशी कुणीतरी चाक बदलताना नट नुसते हाताच्या जोरावर आवळले होते, एवढंच कारण. एवढ्याशा कारणाने एखादा माणूस मरू शकतो, हे त्यांना फार कमी वयात कळलं.

तेव्हापासून ते नट हाताने आवळत नसत. चाकाचा पाना नटावर बसवायचा, त्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप घालायचा, ट्रकची कड धरून त्या पाइपावर चढायचं आणि तीन उड्या मारायच्या. दर नटाला तीन. तेव्हा त्यांचं वजन सत्तर किलो होतं, पुढे ते नव्वदवर गेलं, आणि नट त्या प्रमाणात अधिकाधिक सुखी होत गेले. उडीमास्तर हे नाव त्यांना अड्ड्यावरच्या ड्रायव्हरांनी दिलं. पंक्चरवाल्याने तर जाहीरच करून टाकलं होतं की या ट्रकचं चाक खोलायचं असेल तर ज्याने लावलं त्यानेच येऊन काढावं, आपल्याला खांदे दोनच आहेत. मास्तरांना हा अपमान वाटत नसे. एकतीस वर्षांत त्यांचा एकही नट सैल झाला नाही. चाकं लोखंडी होती, जाडजूड, गंजलेली, आणि उड्यांची त्यांना सवय झाली होती.

मग डोळ्यांनी दगा दिला. परवान्याच्या तपासणीला मास्तरांनी तक्त्यावरची अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. फक्त डॉक्टरांनी त्या वर्षी तक्ता बदलला होता. परवाना गेला आणि ट्रक मागच्या अंगणात उभा राहिला, तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे करून.

ट्रक दोघांचा होता. निम्मा मास्तरांचा, निम्मा त्यांच्या मेहुण्यांचा. हे मेहुणे लेकीचे मामा, आणि अड्ड्यावरही सगळे त्यांना मामाच म्हणत. मामा स्वभावाने वाईट नव्हते. फक्त कुठलीही गोष्ट बिघडायच्या आधीच ती त्यांना बिघडलेली दिसायची. म्हणून मास्तरांच्या लेकीने जेव्हा सांगितलं की मी ऑफिसची नोकरी सोडते, जड वाहनांचा परवाना काढलाय, ट्रक मी चालवते, तेव्हा मामांच्या हातातला चहा थंड होऊन गेला. लेक गाडीदुरुस्तीचं शिकलेली होती, हाताला पक्की आणि डोक्याने थंड. शेवटी मामांनी एक अट घातली. एक वर्ष चालव. तुझ्या चुकीने ट्रकला काही झालं नाही, तर दाजींचा निम्मा हिस्सा तुझ्या नावावर करायला मी सही देईन. झालं तर मुकाट्याने किल्ली द्यायची आणि अड्ड्यावरचा ड्रायव्हर ठेवायचा. लेकीने मान्य केलं. मास्तरांनीही केलं, कारण घरात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आठ महिने सुरळीत गेले. मग तिने चाकं बदलली.

लोखंडी चाकं काढून तिने अलॉयची चाकं आणली. चकचकीत, चंदेरी. मास्तरांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, की ट्रकचं लग्न ठरलंय का. लेक हसली नाही. तिने एक चाक उलटं करून मागच्या बाजूला कोरलेला आकडा त्यांच्या बोटाला चाचपायला लावला. एकट्या चाकाने किती वजन पेलायचं याचा तो आकडा होता, आणि तो जुन्या चाकापेक्षा मोठा होता. ही चाकं हलकी आहेत, म्हणून ट्रकला मागे जास्त वजन उचलता येतं, उतारावर ब्रेक कमी तापतात, गंजत नाहीत. ओढायच्या ट्रकसाठीच बनवलेली आहेत, दिखाव्याची नाहीत, हे तिने दोनदा सांगितलं. मास्तरांनी नखाने टकटक करून पाहिलं. बरणीच्या झाकणासारखा आवाज आला.

पण त्यांना खरा धक्का दिला तो पान्याने. चाकांबरोबर आलेल्या कागदावर लिहिल्याप्रमाणे लेकीने एक नवा पाना आणला होता. त्यावर आकडा लावून ठेवायचा, नट तेवढा आवळला गेला की पाना 'कट्ट' असा आवाज करतो, आणि माणसाने थांबायचं. लेक एका हाताने पाना फिरवत होती. कट्ट. पुढचा नट. कट्ट. मास्तर वाट बघत होते की आता जोर लावेल, मग लावेल. तिने सहाही नट संपवले, हात पुसले आणि उभी राहिली.

"झालं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं."

"एवढा भारी पाना, आणि लगेच दमतो?"

तिने समजावून सांगितलं, की यापेक्षा जास्त आवळायचं नसतं. जास्त आवळायचं नसतं हे वाक्य मास्तरांच्या कानात शिरलं, पण पुढे त्याला आत जागा मिळाली नाही. तिथे तो डबल बेड होता आणि त्यावर आडवं पडलेलं चाक होतं. एका 'कट्ट'वर आपली लेक रस्त्यावर जाणार, मागे तीन-चार टन लटकवून, हे त्यांना सहन होईना. तिला सांगून उपयोग नव्हता. ती कागद दाखवायची, आणि कागद वाचायचा म्हणजे चष्मा शोधण्यापासून सुरुवात.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर लवकर उठू लागले. लेक स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेत बसली, की हे मागच्या दाराने अंगणात जायचे. खिडकीतून ट्रकची पुढची दोन चाकं दिसत, म्हणून त्यांना हात लावता येत नव्हता. मागची दोन दिसत नसत. जुना पाना, हातभर पाइप, दर नटाला तीन उड्या. बायकोने धप्पधप्प आवाजाबद्दल विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय म्हणाले. ती बिचारी खूश झाली. महिन्याभरात त्यांचं दोन किलो वजनही उतरलं.

लेक दर आठवड्याला आपला कट्टवाला पाना घेऊन सगळे नट तपासायची. मागच्या नटांना पाना लावला रे लावला, की कट्ट. नट तसूभर हलायचा नाही. बघा बाबा, ती अभिमानाने म्हणायची, अजून एक नट ढिला नाही. मास्तरही अभिमानाने मान हलवायचे. दोघांचाही अभिमान खरा होता. तो पाना एवढंच सांगू शकत होता, की नट निदान इतका तरी आवळलेला आहे. त्याच्या किती पलीकडे गेलाय, हे सांगायला त्याला तोंड नव्हतं.

वर्ष पुरं व्हायला दहा दिवस राहिले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. लेकीचा फोन आला. ती पुलाच्या चढावर होती, मागे गिअरबॉक्स गेलेली मिनीबस टांगलेली. आवाज शांत होता. इतका शांत, की मास्तर फोन कानाला धरूनच चपला शोधू लागले. ती म्हणाली, मागचं चाक गेलंय, मी ठीक आहे, मामांना घेऊन या.

मामांच्या स्कूटरवर मागे बसून मास्तर पोहोचले तेव्हा लेक पुलाच्या कठड्याला टेकून उभी होती. चढताना सीटखाली बारीक घरघर जाणवली म्हणून तिने लगेच ट्रक कडेला घेतला होता. मागच्या चाकांमागे दोन दगडही लावून ठेवले होते. मास्तरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कठड्यावरून खाली. खाली रस्ता होता. रस्त्यावर माणसं होती, एक बाई लेकराचा हात धरून चालली होती. मग लेकीने त्यांचं बोट धरून चाकाला लावलं. त्यांच्या अधू डोळ्यांनाही दिसलं. एका नटापासून दुसऱ्या नटापर्यंत भेग गेली होती, तिथून तिसऱ्यापर्यंत. दोन नट आत रुतले होते. भेगेजवळचा एक तुकडा बोट लागताच हलला, खिळखिळ्या दातासारखा.

मास्तर रस्त्यावरच मटकन बसले. आणि तोंडातून जे शब्द आले, ते त्यांना पुढे फार दिवस छळणार होते.

"मी म्हणत होतो," ते म्हणाले.

मामा लेकीकडे वळले. त्यांनी आवाज चढवला नाही. चाकं तू निवडलीस, लोखंडी असती तर वाकली असती, अशी फुटली नसती. दहा दिवस राहिले होते हे मला कळतं, पण पुलावरून मी तुला खाली पडलेली बघायचं का? किल्ली दे. उद्यापासून लोखंडी चाकं आणि अड्ड्यावरचा ड्रायव्हर. मास्तरांनी रस्त्यावर बसल्याबसल्या मान डोलावली. चार महिने आपण बरोबर होतो याचं समाधान आणि लेक वाचली याची धडधड, दोन्ही त्यांच्या छातीत एकाच जागेवर बसायला बघत होती.

लेकीने एकच मागणी केली. चाकं तपासून घेऊ. चाक खराब निघालं किंवा माझी निवड चुकली असं निघालं, तर किल्ली मीच आणून देईन.

चाकं तपासणाऱ्या बाई गावाच्या टोकाला एका लांबट शेडमध्ये बसत. पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. दुसऱ्या दिवशी चारही चाकं त्यांच्या टेबलावर गेली आणि भिंतीला टेकून हे तिघं उभे राहिले, निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभं राहावं तसे. बाईंनी आधी पुढची दोन चाकं घेतली. धुतली, पुसली, त्यांवर लाल पाणी फवारलं. थोड्या वेळाने ते लाल पुसून काढलं आणि वरून पांढरी भुकटी मारली. भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग वर येतो, असं त्या म्हणाल्या. सगळे वाकून बघत राहिले. पांढरं पांढरंच राहिलं. चाकं कोरी करकरीत, आज आणल्यासारखी.

मग मागची. फुटलेल्याचं काय व्हायचं ते दिसतच होतं, म्हणून बाईंनी आधी दुसऱ्या बाजूचं घेतलं, जे वरून धडधाकट दिसत होतं. लाल पाणी, फडकं, पांढरी भुकटी. आणि मग सगळ्यांच्या देखत त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटायला लागली. सहापैकी एका भोकापासून. मग दुसऱ्या. मग सहाही भोकांपासून, केसाएवढ्या बारीक, वाट शोधत एकमेकींकडे निघालेल्या. लेकीने तोंडावर हात ठेवला. दोन दिवसांत तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. म्हणजे दुसरंही जाणार होतं. दोन्ही एकदम गेली असती तर काय, हे कुणी बोललं नाही, पण शेडमध्ये ते सगळ्यांना ऐकू आलं.

"अलॉय," मामा म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, धातूला नावं ठेवू नका, धातू उत्तम आहे. आत बुडबुडा नाही, कस कमी नाही. वजनाने चाक मेलं असतं तर कडेला मेलं असतं, आणि या चाकावर तुमचा ट्रक टांगून वर एक हत्ती बसवला तरी कड हलली नसती. हे मेलंय भोकांपाशी. नट आवळून आवळून. लोखंड वाकतं, कुरकुरतं, सांगून जातं. हे सोसतं, सोसतं आणि मग एकदम तुटतं. म्हणून तर कागदावर आकडा दिलेला असतो.

मग त्यांनी लेकीकडे वळून विचारलं, नट कोण आवळतं.

"मी," लेक म्हणाली. "मीच. दुसरं कुणी हात लावत नाही."

"मग चूक तुमचीच," बाई म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता. डॉक्टर वजन सांगतात तशा सांगून मोकळ्या झाल्या.

पाना बिघडला असेल, लेक हळू आवाजात म्हणाली. किंवा मी आकडा चुकीचा लावला. पण मग पुढची चाकं कशी? तिला काही कळेना. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, कुठे चुकलं ते शोधत होती, आणि आपल्याच हातांकडे अशी बघत होती, की जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. मग तिने खिशातून किल्ली काढली आणि मामांपुढे धरली.

उडीमास्तर भिंतीला टेकून ऐकत होते. पुढची चाकं कोरी, मागची गेलेली. खिडकीतून दिसणारी कोरी, न दिसणारी गेलेली. हे कोडं त्या शेडमध्ये एकट्या त्यांनाच सुटलं होतं. एकतीस वर्षं ज्या उड्यांनी आपण चाक धरून ठेवलं, त्याच उड्यांनी रोज सकाळी आपण लेकीचं चाक केसाकेसाने फोडत होतो. दर नटाला तीन उड्या, रोज बारा नट, चार महिने, असं त्यांना ते पुलाच्या कठड्यापर्यंत मोजता आलं. गप्प राहिलो तर कुणाला कधी कळणार नाही, हेही त्यांना कळलं. घरी लोखंडी चाकं येतील, लेक पुन्हा ऑफिसात जाईल, सुरक्षित राहील. चार महिन्यांपूर्वी हे कुणी दिलं असतं तर त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं असतं.

मामांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"हात नाही लावला," मास्तर म्हणाले. "पाय लावला."

तिघांनी वळून पाहिलं. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली आणि त्यांना मध्ये थांबता येईना. जुना पाना, पाइप, मागचं दार, खिडकी. बाईंनी वजन विचारलं, त्यांनी सांगितलं, शिवाय दोन किलो उतरलंय हेही प्रामाणिकपणे सांगितलं. बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि चाकाऐवजी मास्तरांकडे बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी चाकांतल्या भेगा पाहिल्या होत्या, भेग पाडणारा मात्र सहसा एवढा भाबडा नसायचा.

"किती दिवस?" लेकीने विचारलं.

"चार महिने."

"रोज?"

"रविवार सोडून."

तिने चाकावरच्या एका लाल रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या ट्रकमध्ये मी होते, बाबा."

मास्तरांना वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तुझ्यासाठीच करत होतो असं काहीसं, आणि ते वाक्य किती भयंकर आहे हे जिभेवरच कळून त्यांनी ते गिळलं.

मामांनी पुढे केलेला हात मागे घेतला. अट पोरीच्या चुकीची होती, चूक पोरीची नाही, ते म्हणाले. आणि दाजी, तुम्हाला काय म्हणावं ते मी घरी जाऊन शोधतो. किल्ली ठेव तुझ्याकडे, त्यांनी भाचीला सांगितलं. लेकीने ती मुठीत धरली, पण लगेच मामांकडे दिली. आज नको, म्हणाली, नवी चाकं लागली की घेईन. आज घरी तुम्ही सोडा.

मामा तिला स्कूटरवर घेऊन गेले. स्कूटरवर तिसऱ्याला जागा नव्हती, असती तरी त्या दिवशी कुणी दिली नसती. मास्तर चालत घरी आले. पोहोचेपर्यंत बायकोला सगळं कळलेलं होतं. तिने पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, की व्यायाम झाला का.

ट्रकच्या मागच्या बाजूला नवी चाकं आली, तीही अलॉयचीच. लेक ती लावताना मास्तर अंगणात उतरले नाहीत. तशी ताकीद कुणी दिली नव्हती, देण्याची गरजही नव्हती. लेक त्यांच्याशी बोलत होती, पण घरात जेवढं बोलल्याशिवाय चालत नाही तेवढंच. दार लावा. फोन आलाय. डोळ्यांत औषध घातलं का. उरलेले दिवस तिने ट्रक चालवला आणि वर्ष पुरं झालं.

तिसऱ्या दिवशी ते तिघं वाहन नोंदणीच्या कचेरीत गेले. मामांनी सही केली. मास्तरांपुढे कारकुनाने अर्ज सरकवला. त्यात एक रकाना होता, हिस्सा सोडण्याचं कारण. मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, पेन घेतलं आणि सावकाश, टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'ट्रकला माझ्यापासून धोका आहे.'

कारकुनाने ते दोनदा वाचलं. काका, असं चालत नाही, तो म्हणाला. वय लिहा, तब्येत लिहा, लोक तेच लिहितात. मास्तर म्हणाले, वयाचा यात काही दोष नाही, मी तिशीतही हेच करत होतो. मामा छताकडे बघू लागले. कारकुनाने अर्ज उचलला आणि लेकीपुढे धरला, जरा तुमच्या वडिलांना समजवा म्हणून.

लेकीने वाचलं. मग कागद परत त्याच्या टेबलावर ठेवला.

"खोटं आहे का यात काही?"

"खोटं नाही, पण..."

"मग मारा शिक्का."

उडीमास्तर तिच्याकडे बघतच राहिले. तेरा दिवसांत ती त्यांच्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि तेही असं.